‘लई भारी, पण तिखट कुठाय?’ : सोलापूरकर बसले व्हिएतनामी पंगतीला

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जायचं, कामं उरकायची, कुठेतरी झकास जेवायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीनं सोलापूर गाठायचं, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. या वेळी पुण्यात शिकणाऱ्या भाचीनं जेवणाची सूत्रं हातात घेतली आणि स्टेशनवरच जाहीर केलं, "आज थाळी नाही, मिसळ नाही. आज व्हिएतनाम."

टेबलावर आम्ही पाच जण. सत्तरी ओलांडलेली आत्या, जिला अंडंसुद्धा चालत नाही. मटणाशिवाय रविवार न मानणारा दादा. घरात तेलुगू, दारात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या शेजारच्या काकू. भाची. आणि वही उघडून बसलेली मी. हॉटेल नव्या वळणाचं, व्हिएतनामी धाटणीचं. मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाखाली दोन ओळी होत्या : हा कुठल्या गावचा, त्यात काय पडतं, खायचा कसा. दादा त्या ओळी मोठ्यांदा वाचायचा, मग ताटली फिरायची आणि मग मतं. खाण्याबद्दल मत न देता उठलेला सोलापूरकर मी तरी पाहिलेला नाही. त्या दुपारचे हे निकाल आणि त्यांचा माग काढताना हाती लागलेल्या गमती.

"ही तर ओली सालपापडी!"

पहिला मान गोई कुओनचा. काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या पापडात गुंडाळलेली काकडी, गाजर, पुदिना, तांदळाच्या शेवया आणि टोफू. आत्यानं एक गुंडाळी उजेडाकडे धरली, बोटानं चाचपली आणि निकाल दिला, "सालपापडी आहे ही. उन्हात टाकायच्या आधीची."

आत्याला शंभरपैकी शंभर. आपल्याकडे तांदळाचं पातळ पीठ पानावर नाहीतर ताटलीवर पसरून वाफेवर उकडतात, अलगद सोलतात आणि वाळवतात. व्हिएतनामात भांड्याच्या तोंडावर फडकं ताणून बांधतात, खाली पाणी उकळत असतं, फडक्यावर पिठाचा पातळ थर पसरतात, क्षणभर झाकण आणि लगेच बांबूच्या पट्टीनं उचलून वाळत घालतात. त्याला म्हणतात बान्ह त्रांग. फरक एवढाच, की आपण वाळलेली सालपापडी तळतो आणि ते वाळलेला पापड पाण्यातून काढून पुन्हा मऊ करतात.

काकूंची नजर मात्र दुसरीकडे. त्यांच्या सासरी हातमाग होता. गुंडाळी निरखून म्हणाल्या, "याच्यावर वीण कशी काय दिसतेय?" खरंच, पापडावर बारीक उभ्या-आडव्या रेषा होत्या. हे पापड बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांवर वाळतात आणि तट्ट्याची वीण त्यांच्या अंगावर उमटते. चादरींच्या गावच्या बाईनं ती ओळखली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणखी एक गंमत. दक्षिण व्हिएतनामात ताय निन्ह प्रांतात एक खास पापड करतात. तो वाळवून आणि भाजून झाला की पहाटेच्या दवात पसरतात. दवानं तो इतका लुसलुशीत होतो, की पाण्यात न बुडवताच गुंडाळता येतो. आपल्याकडे वाळवणावर दव पडू नये म्हणून अंधार पडायच्या आत सगळं घरात आणायची धांदल असते. तिकडे दवासाठी मुद्दाम उठतात.

"दाणे आहेत, पण शेंगा चटणी नाही"

गुंडाळीसोबत दाण्याचा घट्ट, गोडसर सॉस आला. दादानं बोट बुडवून चाखला. "लई भारी, पण तिखट कुठाय?" भाचीनं चिरलेल्या लाल मिरच्यांची वाटी पुढे सरकवली. दादानं निम्मी वाटी सॉसमध्ये ओतली, ढवळलं, पुन्हा चाखलं. "आता जमलं."

सोलापुरात दाण्याच्या बाबतीत कुणालाच गप्प बसवत नाही. 'शेंगा' म्हटलं की आमच्याकडे भुईमुगाच्याच. शेवग्याच्या हव्या असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं. सीमेपलीकडच्या कन्नडमध्येही भुईमुगाला शेंगाच म्हणतात आणि तिकडच्या ताटातही शेंगा चटणी असतेच. तेव्हा ही चटणी भाषा बघून थांबणाऱ्यातली नाही.

चटणीची सामग्री हाताच्या बोटांवर मोजावी इतकी : भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. सगळी करामत कुटण्यात. उखळात मुसळाचे घाव बसत गेले की दाण्याचं तेल हळूहळू सुटतं, तिखट त्या तेलात मुरतं, लसूण चेचला जातो आणि कोरड्या भुग्याचा तेलकट, लालभडक गोळा व्हायला लागतो. वरून तेलाचा थेंब पडलेला नसतो. मिक्सरमध्ये फिरवली तर पातं दाणा कापतं, चेचत नाही. मग एकतर भुगा होतो नाहीतर लगदा. म्हणून सोलापुरात चटणी घेताना पहिला प्रश्न असतो, "कुटलेली आहे ना?"

व्हिएतनामच्या उत्तरेकडे या चटणीची सख्खी चुलत बहीण राहते. नाव मुओई वुंग. भाजलेले दाणे, भाजलेले तीळ आणि मीठ, जाडसर कुटलेलं. गरम भातावर भुरभुरायचं आणि जेवायचं. लसूण नाही, तिखट नाही. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बाळंतिणीची चटणी." ही उपमा कुठल्याच मेनूकार्डाला सुचली नसती.

आणि हा दाणा ना आपला, ना त्यांचा. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातलीच. समुद्रावरून आलेल्या युरोपीय गलबतांनी दोन्ही आशियात आणून सोडली. पुढे या दाण्याची सोलापुरात चटणी आणि शेंगापोळी झाली, व्हिएतनामात सॉस आणि मुओई वुंग. संक्रांतीला शेंगापोळीशिवाय सोलापूरच्या घराचं पान हलत नाही, हे सांगितल्यावर वाढायला आलेल्या मुलानं विचारलं, "दाण्याची पोळी? गोड?" भाचीनं त्याला जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला यायचं आमंत्रण तिथेच देऊन टाकलं.

पपनस ओळखलं, डाळिंबावर हक्क सांगितला

पुढची ताटली फळांच्या कोशिंबिरीची. गुलाबी, मोकळ्या पाकळ्या बघून काकू म्हणाल्या, "पपनस." बरोबर. गणपतीपुढे मांडतो तेच. व्हिएतनामात पपनस सोलून, मोकळं करून, पुदिना आणि कुटलेल्या दाण्यांबरोबर कालवतात. वर लाल दाणे पेरले होते. "डाळिंब आपलं," दादा म्हणाला. त्या दुपारी पुण्यातल्या ताटलीत पडलेले दाणे कुठल्या बागेतले होते हे कुणी सांगावं, पण दादाच्या म्हणण्याला बळ आहे. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि देशाचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे.

"अळणी आहे, पण नुसतं अळणी नाही"

मग आला फो. लिहायला सोपा, म्हणायला अवघड. उच्चार 'फऽ'च्या जवळचा आणि शेवट प्रश्न विचारल्यासारखा वर जाणारा. व्हिएतनामी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. उत्तरेकडच्या बोलीत असे सहा सूर आहेत.

मोठ्या वाडग्यात तांदळाच्या चपट्या शेवया, वर पातीचा कांदा, कोथिंबीर आणि काठोकाठ गरम, स्वच्छ रस्सा. दादाचा चिकनचा, आत्याचा आणि काकूंचा मशरूमचा. दादानं पहिला घोट घेतला. "अळणी आहे." दुसरा घेतला. "पण नुसतं अळणी नाही."

आमच्याकडे मटण शिजवताना आधी हळद, मीठ, आलं-लसूण एवढ्यावरच उकडतात. त्या पाण्याला अळणी म्हणतात. लहान मुलांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीला ते वाटीतून देतात आणि मग उरलेल्यात मसाला पडून तांबडा रस्सा होतो. व्हिएतनाम अळणीपाशीच थांबला आणि त्यानं तिथेच घर बांधलं. हाडं तासन् तास मंद उकळायची, वर आलेला फेस पुन्हा पुन्हा काढत राहायचं आणि रस्सा आरसपानी ठेवायचा. फोचं मूळ उत्तर व्हिएतनामात, नाम दिन्ह आणि हनोईच्या परिसरात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. तिकडे तो सकाळच्या न्याहारीला खातात.

मग त्यात 'नुसतं अळणी नाही' ते काय? कांदा आणि आलं सालासकट विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून रश्शात टाकतात. सोबत दालचिनी, लवंग, धने आणि चक्रीफूल. ही यादी वाचताना दादाचा चेहरा खुलला. काळ्या मसाल्याचं अर्धं सामान तेच आणि चुलीत भाजलेल्या कांद्याचा तो धुरकट गोडवा आमच्या आमटीचाही आत्मा. उत्तर व्हिएतनाममधला लांग सन प्रांत तर चक्रीफुलासाठीच नावाजलेला. मसाल्याच्या डब्यात आठ पाकळ्यांचं ते फूल आपण वर्षानुवर्षं बघतो. त्याचा एक गाववाला असा वाडग्यात भेटला.

फोवरून व्हिएतनामातही दोन तट आहेत. उत्तरेकडचे म्हणतात, रस्सा साधा ठेवा. दक्षिणेकडचे त्यात मोड आलेली कडधान्यं, सुगंधी पाला, लिंबू आणि सॉस घालतात. १९५४ साली देशाचे दोन भाग झाले तेव्हा उत्तरेकडून लाखो माणसं दक्षिणेत गेली आणि त्यांच्याबरोबर फो सगळ्या दक्षिणेत पसरला.

सुगंधी पाल्यावरून आत्या अडली. वाडग्यासोबतच्या ताटलीत तुळशीसारखी पानं होती. "तुळस देवाच्या नैवेद्यावर ठेवायची. शेवयांत कशी घालू?" पण ती आपल्या अंगणातली तुळस नव्हती. ज्या झाडाचं बी आपण सब्जा म्हणून सरबतात घालतो, त्याच जातीचा तो एक प्रकार. सब्ज्याचं नाव काढल्यावर आत्यानं दोन पानं तोडून वाडग्यात टाकली.

आणि मग ती घटना घडली, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

आत्यानं भाचीसाठी वर्तमानपत्रात गुंडाळून कडक भाकरी आणली होती. पिशवीत हात घालून तिनं एक बाहेर काढली. पापडासारखी पातळ, मधे थोडी फुगून राहिलेली, कडेला भाजल्याचे करडे डाग. दोन्ही हातांनी मोडली. कट्ट असा स्वच्छ आवाज झाला आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. आत्यानं तुकडे फोच्या रश्शात सोडले, वरून चमच्यानं दाबले आणि थांबली. कडक भाकरीला तेवढा वेळ द्यावाच लागतो. आधी तिच्या कडा खाली जातात, मग मधला फुगा बसतो, मग ती रस्सा ओढायला लागते. नेमक्या त्या क्षणी, जेव्हा बाहेरून मऊ आणि आत किंचित कुरकुरीत राहते, तेव्हा खायची. आत्यानं घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघतोय.

"चालतंय की."

ज्यांनी सोलापूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कडक भाकरी शिळी नसते, वाळवलेली असते. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर भाजून, मग निखाऱ्याच्या धगीला ठेवून तिच्यातलं पाणी पूर्ण घालवतात. नीट ठेवली तर ती कित्येक दिवस टिकते. उत्तर कर्नाटकात हिलाच खडक रोट्टी म्हणतात. वाऱ्या, जत्रा, लांबचे प्रवास, शेतावरचा मुक्काम, सगळीकडे ती चालते आणि जिल्ह्यातल्या बाजार आमटीत कुस्करली की तिला तोड नाही. आता बान्ह त्रांग आठवा. तोही धान्याचा, पातळ, वाळवलेला, टिकणारा, खाताना ओला करायचा. तिथे भात पिकतो म्हणून तांदळाचा, इथे काळ्या रानात रब्बीची ज्वारी येते म्हणून ज्वारीचा.

वाढणारा मुलगा एव्हाना टेबलापाशी उभा होता. त्यानं एक तुकडा मागून घेतला, नुसताच खाल्ला आणि आत जाऊन आचाऱ्याला बोलावून आणलं. आचाऱ्यानं विचारलं, "ही ज्वारी कुठली?" आत्या म्हणाली, "मंगळवेढ्याची." त्या एका शब्दामागे केवढं आहे! दामाजीपंतांनी दुष्काळात ज्या गावची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली असं परंपरा सांगते, ते मंगळवेढा. तिथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. आणि मालदांडीतूनच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला 'मालदांडी ३५-१' हा वाण आज इतकी दशकं रब्बी ज्वारीत नाव राखून आहे.

काकू म्हणाल्या, "पुलुसू!"

कान्ह च्युआ नावाचं आंबट सार आलं. मेकाँग नदीच्या मुखाकडचं. चिंचेचा कोळ, टोमॅटो, अननस, त्यात भेंडीचे तुकडे आणि अळूच्या जातीचे जाळीदार देठ. मुळात ते माशाचं असतं, आमच्यापुढे भाज्यांचं आलं. काकूंनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "आमच्या आईचा पुलुसू. फक्त अननस कुणीतरी चुकून टाकलाय."

काकूंचं माहेर-सासर दोन्ही सोलापूरच्या पूर्व भागातलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग वसवला. सोलापूरची पहिली कापड गिरणी, जिला सगळे जुनी मिल म्हणतात, ती १८७७ सालची. गिरण्या आणि माग वाढत गेले तशी माणसं येत राहिली आणि येताना चिंच घेऊन आली. आज पूर्व भागात दुकानांच्या पाट्या तेलुगूत दिसतात आणि माशाचा, भाज्यांचा, नुसत्या कांद्याचासुद्धा पुलुसू घरोघरी शिजतो. काकूंनी अननस बाजूला काढून सार संपवलं आणि शेवटचा घोट वाडगा उचलून प्यायल्या.

शेपूचा अनपेक्षित मान

माशाची ताटली फक्त दादासाठी. हळदीत मुरवलेला मासा, तव्यावर परतलेला, वर भाजलेले दाणे आणि मूठभर हिरवा पाला. दादानं वास घेतला आणि ओरडलाच, "शेपू!"

खरंच शेपू. पदार्थाचं नाव चा का. हनोईत तो इतका लाडका, की तिथल्या एका जुन्या रस्त्याचं नावच चा का. मासा, हळद, शेपू आणि दाणे. आपल्याकडे शेपू म्हटलं की निम्मं घर नाक मुरडतं आणि उरलेलं निम्मं मूगडाळ घालून केलेल्या भाजीवर ताव मारतं. दादा पहिल्या निम्म्यातला. त्या दिवशी त्यानं पाला शिल्लक ठेवला नाही, एवढं मी साक्षीनं सांगते.

मासा होता बासा. हॉटेलात सर्रास मिळणारा हा पांढरा, बिनकाट्याचा मासा मूळ मेकाँग नदीच्या खोऱ्यातला आणि व्हिएतनाम त्याची जगभर निर्यात करतो. नाव माहीत नसतानाही आपल्यापैकी कितीतरी जणांनी व्हिएतनाम आधीच खाल्लेला असणार. दादाचं अंतिम मत मात्र उजनी धरणाच्या बाजूनं पडलं. "चव चांगली. पण उजनीची चिलापी समोर ठेवली तर मी तिकडे जाईन."

चर्र आणि पाव

बान्ह सेओ म्हणजे तांदळाच्या पिठाचं, हळद आणि नारळाचं दूध घातलेलं मोठं धिरडं. 'सेओ' हा तापल्या तव्यावर पीठ पडल्याचा आवाज. म्हणजे मराठीत नाव ठेवायचं तर 'चर्र धिरडं'. आत्यानं अर्धं खाल्लं आणि अर्धं काकूंच्या पानात टाकलं. "चांगलं आहे, पण भाजणी नाही."

बान्ह मी फ्रेंचांमुळे आला. व्हिएतनामात गहू पिकत नाही, पण फ्रेंच राजवटीनं लांबट पाव नेला आणि स्थानिकांनी तो फाडून त्यात लोणच्यातलं गाजर-मुळा, मिरची, कोथिंबीर आणि मांस भरलं. आपल्याकडे पोर्तुगीजांनी पाव आणला, शब्दही त्यांचाच, आणि आपण त्यात वडा भरला. भाचीनं बान्ह मीला दहापैकी नऊ दिले. एक गुण पावाच्या कडक सालीनं टाळू सोलला म्हणून कापला.

आत्याचे दोन प्रश्न

"या लोकांत कुणी शाकाहारी असतं का?" असतं, आणि तिथी बघून असतं. बौद्ध परंपरेतली कितीतरी माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे खात नाहीत. आपल्या हिशेबात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. अशा जेवणाला 'चाय' म्हणतात. या दिवसांत तिथल्या चविष्ट मासळीच्या पाण्यालाही सुट्टी. नुओक माम हे ते पाणी. छोटे समुद्री मासे आणि मीठ मोठ्या लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून गाळलेलं, मधासारख्या रंगाचं. फु क्वोक बेटावरच्या नुओक मामला २०१२ साली युरोपीय संघानं मूळ ठिकाणाच्या नावाचं संरक्षण दिलं. आत्यासाठी आचाऱ्यानं त्याऐवजी सोयाबीनचा सॉस वापरला होता आणि हे तिनं विचारायच्या आधीच येऊन सांगितलं. आत्याच्या मते हॉटेलातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

दुसरा प्रश्न : "यांच्याकडे हुरडा असतो का?"

याचं उत्तर टेबलावर कुणाकडेच नव्हतं. घरी येऊन शोधलं आणि हरखून गेले. असतो! त्याला कोम म्हणतात. हनोईत शरद ऋतू लागला, की चिकट जातीचा भात दुधात असतानाच कापतात, कोवळे दाणे भाजतात, कुटतात, पाखडतात. मऊ, हिरवट, चपटे दाणे कमळाच्या पानात बांधून विकतात. हनोईजवळचं वोंग गाव यासाठी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध. आपल्याकडे थंडीत आगटी पेटते, कणसं निखाऱ्यात जातात, गरम कणीस तळहातावर चोळलं की हिरवे दाणे मोकळे होतात आणि शेजारी शेंगा चटणी, गूळ, दही मांडलेलं असतं. दाणा पिकायच्या आधीचे ते मोजके दिवस साधायचे, हे शहाणपण दोन्हीकडचं. कोमला कमळाचं पान मिळालं, हुरड्याला आगटीचा धूर. मला विचाराल तर धूर.

शेवट गोड

काचेच्या पेल्यावर ठेवलेल्या छोट्या गाळणीतून कॉफी थेंब थेंब गळत होती, खाली आटीव गोड दूध. ब्राझीलखालोखाल जगात सर्वात जास्त कॉफी व्हिएतनाम पिकवतो. हनोईत अंड्याचीही कॉफी मिळते. १९४६ च्या सुमारास दूध मिळेनासं झालं तेव्हा न्गुयेन वान ज्यांग यांनी अंड्याचा बलक फेसून ती केली आणि ती टिकली. आत्याला हे मी सांगितलं नाही. कॉफीवर काकूंचं मत, "चव छान, पण एवढ्या वेळात माझे दोन चहा झाले असते."

फळांत आलं ड्रॅगन फ्रूट. व्हिएतनामी नाव थान्ह लाँग, म्हणजे हिरवा ड्रॅगन. अमेरिका खंडातलं हे निवडुंगाचं फळ फ्रेंचांच्या हातून व्हिएतनामात गेलं आणि तिथल्या बागांनी जगात नाव काढलं. आज ते सोलापूर जिल्ह्यातल्या कमी पाण्याच्या रानांतही सिमेंटच्या खांबांवर चढलेलं दिसतं. "आमच्या पाव्हण्यांनी लावलंय," दादा म्हणाला आणि फोड न खाताच पुढे सरकवली. घरी रोज असतं त्याचं कौतुक बाहेर कोण करणार?

चॉपस्टिक सगळ्यांनी धरून पाहिल्या, जमल्या फक्त भाचीला. तेव्हा दादानं डॉक्टर कोटणिसांची आठवण काढली. १९१० साली सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच, जखमी सैनिकांची सेवा करताना गेले. पूर्वेकडच्या माणसांच्या पंगतीला आपलं माणूस कधीच जाऊन बसलंय, असं तो म्हणाला आणि थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

परतीच्या गाडीत डबे उघडले. व्हिएतनामीत 'जेवलास का' असं विचारताना शब्दशः 'भात खाल्लास का' असं विचारतात, हे भाचीनं निघताना सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, तेलुगूतही तसंच, 'अन्नं तिन्नावा'. समोरच्या बाकावरच्या अक्कलकोटच्या बाई हसून कन्नडमध्ये म्हणाल्या, 'ऊट आयता?' आणि आत्यानं सगळ्यांना विचारलं, "भाकरी खाणार ना?" दौंड यायच्या आत चटणीची पुडी संपली.

आता सोलापूरच्या हॉटेलवाल्यांना, खानावळींना आणि भाकरी-चटणी करणाऱ्या बचत गटांच्या ताईंना एक विनंती. त्या पुण्यातल्या मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाखाली दोन ओळी होत्या, म्हणून तर आम्ही एवढं बोललो, एवढं विचारलं, एवढं शोधलं. तुमच्याही कार्डावर लिहा : ज्वारी मंगळवेढ्याची, मालदांडी. चटणी उखळात कुटलेली, तेल दाण्याचंच. भाकरी आमटीत मोडून जरा थांबा, मग खा.